ओ गटाचं रक्त ‘पातळ’ असतं का?

हा प्रश्न पेशंट नेहमी विचारतात. रक्त पातळ नसतं. पण प्रश्नात थोडं तथ्य आहे, आणि ते उलगडायला वैद्यकशास्त्राला ऐंशीहून जास्त वर्षं लागली.

1901 साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले. रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींवरची खूण, रक्त गोठण्याशी तिचा काय संबंध, अशीच समजूत होती. 1926 मध्ये फिनलंडचे डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातला रक्तस्रावाचा आजार नोंदवला. त्या घरातली एक मुलगी तेराव्या वर्षी पाळीच्या रक्तस्रावानेच दगावली. या आजारात जे प्रथिन कमी पडतं, त्याला पुढे त्यांचंच नाव मिळालं. जखमेवर प्लेटलेट चिकटवणं आणि ‘फॅक्टर आठ’ला सांभाळून वाहून नेणं, ही त्याची दोन कामं.

1964 साली प्रेस्टन आणि बार यांना निरोगी माणसांतच फरक दिसला: ए गटात फॅक्टर आठ ओ गटापेक्षा जास्त! 1969 मध्ये, गर्भनिरोधक गोळ्या घेताना शिरेत गुठळी झालेल्या स्त्रियांत ओ गटाच्या अपेक्षेपेक्षा कमी आढळल्या.

मग 1987 साली अमेरिकेत गिल व सहकाऱ्यांनी 1117 निरोगी रक्तदात्यांमध्ये विलेब्रांड प्रथिन मोजलं. सर्वसाधारण पातळी 100 धरली, तर ओ गटाची सरासरी सुमारे 75, ए 106, बी 117 आणि एबी 123. म्हणजे ओ गटाच्या धडधाकट बाईला ‘तुम्हाला रक्तस्रावाचा आजार आहे’ असा शिक्का बसण्याची शक्यता होती. तसे शिक्के बसलेही असावेत, असं मला वाटतं.

कारण असं, की रक्तगटाची साखर या प्रथिनावरही असते. ए-बीची साखर नसेल तर एक एन्झाइम ते लवकर कापतं आणि ते रक्तातून लवकर निघून जातं. याचा पुरावा मिळाला ‘बॉम्बे’ रक्तगटातून. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली जगापुढे आणलेल्या या गटात ओ गटाकडे असते ती मूळ साखरही नसते. 2005 च्या अभ्यासात या लोकांत विलेब्रांड प्रथिन कमी आढळलं आणि ते जास्त सहज कापलंही जात होतं.

हे प्रथिन गरोदरपणात, तापात, व्यायामानंतर वाढतं, त्यामुळे एका रिपोर्टवर निदान करत नाहीत. आता आकडा 30 च्या खाली असेल तर आजार मानतात. 30 ते 50 मध्ये असेल तर आधी विचारतात: दात काढल्यावर रक्त किती वेळ वाहिलं? पाळीत किती जातं? रक्तगट कुठलाही असो.