भिंतीतील जुनी तार आणि नवा कॅमेरा

आदिलाबाद जिल्ह्यातील दुकाने, दवाखाने, मंगल कार्यालये आणि कापसाच्या जिनिंग मिल यांत दहा-बारा वर्षांपूर्वी बसवलेले कॅमेरे आता बदलण्याच्या वयाला आले आहेत. त्यांतील अनेक कॅमेरे कायद्यामुळे बसले. अविभाजित आंध्र प्रदेशाच्या २०१३ च्या सार्वजनिक सुरक्षा अंमलबजावणी कायद्याने, एका वेळी शंभर किंवा दिवसाला पाचशे माणसे येण्याची शक्यता असलेल्या आस्थापनांना कॅमेरे बसवणे आणि चित्रण तीस दिवस जपून ठेवणे बंधनकारक केले. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाल्यावरही तो कायदा येथे लागू राहिला. पुढे पोलिसांच्या ‘नेनू सैतम’ उपक्रमातून वस्त्या आणि व्यापारी यांच्या सहभागानेही कॅमेऱ्यांची भर पडली.

ते बहुतेक अॅनालॉग जातीचे होते. आज त्यांच्या जागी नेटवर्क कॅमेरा बसवू म्हटले, तर कॅमेरा तासाभरात बदलतो; अडचण तारेची असते. ती प्लास्टरखाली गाडलेली, छताच्या पीओपीमागे दडलेली किंवा पत्र्याच्या शेडच्या कैच्यांतून ओढलेली असते. रंगरंगोटी केलेली भिंत फोडायला कोणी राजी नसतो. मग ‘जुन्याच वायरवर चालवून टाका’ अशी सूचना होते. ती सूचना चुकीची नाही, पण ती तार कोणती आणि तिच्या टोकाशी प्रत्यक्षात किती वीज पोचते, हे कॅमेरा विकत घेण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

आपल्याकडील जुन्या कामात प्रामुख्याने दोन प्रकारच्या तारा सापडतात. पहिली म्हणजे कारागीर जिला ‘थ्री प्लस वन’ म्हणतात ती: चित्रासाठी एक कोअॅक्सिअल तार आणि तिच्यासोबत विजेसाठी व आवाजासाठी तीन बारीक तारा. दुसरी म्हणजे कॅट-फाइव्ह जातीची, चार पिळदार जोड्यांची तार. तिच्या दोन्ही टोकांना बलून नावाचे छोटे जोडसाधन लावून एका जोडीतून चित्र आणि उरलेल्या जोड्यांतून बारा व्होल्टची वीज नेलेली असते. कॅमेऱ्यामागचे झाकण उघडून पाहिले की हा उलगडा पाच मिनिटांत होतो.

दुसऱ्या प्रकारची तार निघाली तर मालक नशीबवान. ती मुळातच नेटवर्कची तार आहे. बलून काढून दोन्ही टोकांना एकाच रंगक्रमाने आरजे-४५ बसवले आणि मध्ये कोठे गाठ मारलेली नसली, तर त्याच तारेतून चित्रही जाते आणि वीजही. या पद्धतीला पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे पीओई म्हणतात. २००३ च्या ८०२.३एएफ मानकानुसार स्विचच्या प्रत्येक दारातून १५.४ वॅट निघतात आणि शंभर मीटरच्या टोकाला किमान १२.९५ वॅट मिळतात. मधले जवळपास अडीच वॅट तारेत उष्णता होऊन जातात, हे मानकाने आधीच धरलेले असते. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये हीच मर्यादा ३० वॅटपर्यंत गेली. साध्या स्थिर कॅमेऱ्याला पहिले मानक पुरते. फिरणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याला दुसरे लागते.

खरी कसोटी ‘थ्री प्लस वन’ तारेची. तेथे अनेकांना मोह होतो तो असा की जुना बारा व्होल्टचा पुरवठा तसाच ठेवावा आणि नवा कॅमेरा त्यावर जोडून चित्र वाय-फायने घ्यावे. दिवसा हे बिनबोभाट चालते. अंधार पडला की कॅमेरा बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. म्हणजे ज्या वेळेसाठी तो बसवला नेमक्या त्याच वेळी तो आंधळा असतो, आणि ही गोष्ट चोरी झाल्यावर चित्रण शोधताना कळते. कॅमेऱ्याचा दोष समजून तो दुकानात परत नेला जातो. दुकानदार टेबलावर जोडून दाखवतो, तेथे तो उत्तम चालतो.

कारण साधे आहे. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची भूक वाढते. समजा, दिवसा चार वॅट घेणारा कॅमेरा रात्री नऊ वॅट घेतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विद्युतरोध मीटरला सुमारे ०.०३६ ओहम असतो. पन्नास मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन शंभर मीटर, म्हणजेच ३.६ ओहम. दिवसा यात सव्वा व्होल्टच्या आसपास घट होते आणि कॅमेरा ती निभावून नेतो. रात्री मात्र दुष्टचक्र सुरू होते. दाब घसरला की तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी कॅमेरा अधिक प्रवाह ओढतो. प्रवाह वाढला की दाब आणखी घसरतो. हिशेब केला तर कॅमेऱ्यापाशी आठ व्होल्टही उरत नाहीत. या तारेतून बारा व्होल्टवर कितीही आटापिटा केला तरी दहा वॅटपेक्षा अधिक शक्ती टोकाला पोचूच शकत नाही. प्रत्यक्षातल्या तारा अनेकदा याहून बारीक असतात. त्यातच ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची असली, तर तेवढ्याच जाडीला रोध दीडपटीच्या घरात जातो. आदिलाबादच्या उन्हाळ्यात, पारा ४४-४५ अंशांवर असताना, तापल्या पत्र्याखालची तार साठ अंशांवर गेली तर वीस अंशांच्या तुलनेत तिचा रोध आणखी पंधरा-सोळा टक्क्यांनी वाढलेला असतो.

तपासणी करताना मल्टिमीटर नुसता टोकाला लावू नये. भार नसताना तो बारा व्होल्टच दाखवील आणि फसवील. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट, दहा वॅटचा बल्ब त्या टोकाला लावून, तो पेटलेला असताना दाब मोजावा. वर सांगितलेल्या तारेवर साडेनऊच्या आसपास आकडा येईल. दुसरी रीत म्हणजे पुरवठा पूर्ण तोडून एका टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडाव्यात आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजावेत. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्यातून वजा करायला विसरू नये.

रोध जास्त निघाला म्हणून तार टाकून द्यावी लागते असे नाही, दाब वाढवावा. अठ्ठेचाळीस व्होल्टवर त्याच नऊ वॅटसाठी प्रवाह बराच कमी लागतो आणि त्याच ३.६ ओहममध्ये एक व्होल्टही घटत नाही. म्हणून रेकॉर्डरच्या बाजूने २४ किंवा ४८ व्होल्ट पाठवून कॅमेऱ्यापाशी ते बारावर उतरवणारा छोटा कन्व्हर्टर लावता येतो. मात्र चित्रासाठी वाय-फायवर विसंबणे मला पटत नाही. जाड भिंतीच्या जुन्या घरात आणि लोखंडी शेडमध्ये ते वेळेवर दगा देते. त्याऐवजी कोअॅक्सिअल तारेवरून इथरनेट आणि वीज दोन्ही नेणाऱ्या साधनांची जोडी मिळते. एक साधन रेकॉर्डरपाशी, एक कॅमेऱ्यापाशी. खर्च होतो, पण भिंत वाचते. आणि केवळ चित्र स्पष्ट हवे असेल, नेटवर्क कॅमेऱ्याचाच आग्रह नसेल, तर कोअॅक्सिअलवर चालणारे हाय डेफिनिशन कॅमेरे त्याच तारेवर बसतात. विक्रेते हा पर्याय क्वचितच आपणहून सांगतात.

तार पाइपमधून गेलेली आणि सैल असेल तर सर्वांत चांगला मार्ग जुन्या तारेलाच ओढदोरी करण्याचा. तिच्या टोकाला कॅट-सिक्स आणि सोबत एक नायलॉनची दोरी घट्ट बांधून दुसऱ्या बाजूने हळूहळू ओढावी. दोरी पुढच्या वेळेसाठी आतच राहू द्यावी. वळणावर अडकले तर जोर करू नये. ज्या पाइपमधून २३० व्होल्टची वायर गेली आहे, त्यात कॅमेऱ्याची तार घालू नये, मग जागा कितीही मोकळी दिसो.

वीज जोडताना आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. मानकानुसार बनलेला पीओई स्विच समोर पंचवीस किलोओहमची खूण दिसल्याशिवाय वीज सोडत नाही. बाजारातले स्वस्त ‘पॅसिव्ह’ पुरवठे मात्र काही न विचारता वीज लोटतात आणि चुकीचे उपकरण जाळतात. जुना बारा व्होल्टचा एसएमपीएस त्या तारांवरून आधी सोडवावा, नंतरच नवे जोडकाम. स्विचची एकूण क्षमताही पाहावी. आठ दारांचा साठ वॅटचा स्विच दिवसा आठ कॅमेरे चालवील, रात्री नऊ वॅटच्या हिशेबाने ७२ वॅट लागतील तेव्हा एखाददुसरे दार बंद करील. सर्व कॅमेऱ्यांची वीज एका जागेवरून निघत असल्याने वीज गेल्यावर एकच यूपीएस पुरतो, ही पीओईची मोठी सोय आहे.

जिनिंग मिलच्या आवारात गेटवरचा कॅमेरा शंभर मीटरच्या पलीकडे असतो आणि मान्सूनपूर्व विजांच्या दिवसांत खांबावरून येणारी तांब्याची लांब तार रेकॉर्डरसकट सगळे जाळू शकते. तेथे जुन्या तारेचा मोह सोडून फायबर टाकावी आणि खांबापाशी वेगळा वीजपुरवठा, अर्थिंग व सर्ज संरक्षक द्यावा. वीज नाही म्हणून कॅमेरा नाही, ही सबब सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलेली नाही. २ डिसेंबर २०२० रोजी पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांविषयी निकाल देताना, जेथे वीज नाही तेथे सौर किंवा पवन ऊर्जेसह कोणत्याही मार्गाने ती पुरवण्याची जबाबदारी न्यायालयाने राज्यांवर टाकली. उटनूरकडील वनभागातल्या एकाकी खांबालाही सौर पॅनेल आणि बॅटरी हा उपाय लागू पडतो.

कॅमेरा घेताना खोक्यावरील नोंदणी क्रमांक पाहावा. केंद्र सरकारच्या ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचण्या सक्तीच्या केल्या आहेत. मुदतवाढीनंतर ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या. त्याआधीचा पडून राहिलेला माल स्वस्तात खपवला जाण्याची शक्यता आहे. काम संपल्यावर बिल चुकते करण्यापूर्वी एक रात्र कॅमेरा चालू ठेवावा आणि सकाळी चित्रणात मध्यरात्रीनंतरचे तास सलग आहेत का, ते पाहावे.