ओपेका, पेद्रो
(२९ जून १९४८ – ). मादागास्करची राजधानी अंतानानारिव्हो येथे कचराभूमीवर राहणाऱ्या कुटुंबांमधून वसाहत आणि धर्मग्राम उभा करणारे कॅथलिक मिशनरी धर्मगुरू. जन्म अर्जेंटिनात, ब्वेनोस आइरेसलगतच्या सान मार्तीन येथे. आईवडील मूळचे स्लोव्हेनियाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर मायदेश सोडून ते तिकडे स्थायिक झाले. वडील गवंडी होते. पेद्रो लहानपणीच त्यांच्या हाताखाली शिकले आणि ही थापी-ओळंब्याची विद्या त्यांना पुढे सेमिनरीतल्या शिक्षणाइतकीच कामी आली.

संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी १६२५ मध्ये स्थापन केलेल्या लाझारिस्ट संघात ते दाखल झाले. या संघाचे मादागास्करशी नाते १६४८ पासूनचे. ल्युब्ल्याना आणि पॅरिस येथे शिकत असतानाच १९७० मध्ये ते बेटावर पहिल्यांदा आले, तेही बांधकामासाठी. १९७५ मध्ये गुरुदीक्षा झाली. पाठोपाठ आग्नेय भागातील वांगाइंद्रानो हा धर्मग्राम त्यांच्याकडे सोपवण्यात आला. परक्या गोऱ्या माणसाविषयीचा दुरावा प्रवचनांनी मिटणारा नव्हता. ते गावकऱ्यांबरोबर भातखाचरांच्या चिखलात उतरले, फुटबॉल खेळले.

प्रकृती ढासळल्यावर १९८९ मध्ये ते राजधानीतील सेमिनरीचे प्रमुख म्हणून आले. झोपडवस्तीत काम करणे हा काही नेमणुकीचा भाग नव्हता. शहराच्या कडेला अंद्रालानित्रा येथे शहरभरचा कचरा पडे. तिथल्या धुमसत्या ढिगांत मुले कुत्र्या-डुकरांशी झोंबत खाण्याजोगे काही शोधताना त्यांनी पाहिली. पुठ्ठ्या-प्लास्टिकच्या खोपटांत वाकून शिरत ते लोकांशी बोलले आणि काम करायला तयार असाल तर बरोबर राहतो, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी ‘अकामासोआ’ ही संस्था सुरू झाली; मालागासी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘चांगले मित्र’.

जवळच्या टेकडीतला ग्रॅनाइट हे या लोकांचे पहिले भांडवल ठरले. खाणीतून निघालेले दगड बायाबापड्या जमिनीवर बसून हातोडीने फोडत. त्यांतून फरसबंदीचे चिरे आणि खडी तयार होई. गवंडी, सुतार वस्तीतच घडले आणि घरे बांधायला रहिवाशांचेच हात लागले. शाळा, दवाखाने त्यांच्याबरोबरच आले. वस्तीत राहणाऱ्याला ‘दिना’ पाळावा लागतो. मालागासी खेड्यांत सर्वसंमतीने ठरणाऱ्या नियमांचे हे जुने नाव. दारू, चोरी, मारामारी यांना इथे दिनाने मज्जाव केला. हे नियम कडक वाटतात खरे, पण ओपेकांनी ते बाहेरून आणले नाहीत, लोकांच्या ओळखीच्या चौकटीत बसवले. फुकटच्या मदतीने माणूस मिंधा होतो, यावर त्यांचा कायम भर राहिला. तरीही शाळा-दवाखान्यांचा खर्च बराचसा परदेशी देणग्यांवर चालतो आणि त्या देणग्या मुख्यतः त्यांच्या नावावर येतात. कामाची ही कच्ची बाजू नोंदवली पाहिजे.

वस्तीच्या मानान्तेनासोआ भागातील रविवारची मिस्सा गाण्या-नाचांसह तासन्‌तास चालते आणि तिला हजारो लोक जमतात. वस्तीत त्यांना ‘मोंपेरा’, म्हणजे फादर, एवढेच म्हणतात. २००७ मध्ये फ्रान्सने त्यांना ‘लेजिओं द’ऑनर’ हा सन्मान दिला. ८ सप्टेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस अकामासोआच्या वस्तीत आले, तेव्हा तेथील लोकसंख्या सुमारे २५ हजार होती. तिथल्या माहाताझाना येथील दगडखाणीवर पोपनी कष्टकऱ्यांसाठी प्रार्थना केली. अंद्रालानित्रा येथे शहराचा कचरा त्यानंतरही पडतच राहिला.