गजराचें घड्याळ आणि प्रवासी

वेळ मोजणें आणि वेळेवर जागें होणें या दोन गोष्टी वरवर पाहतां एकच वाटतात. परंतु त्यांचा इतिहास एक नाहीं. मनोऱ्यावरचें घड्याळ जाग्या माणसाला वेळ सांगतें. झोपलेल्याला त्याचा कांहींएक उपयोग नसतो. निजलेला मनुष्य काळाच्या बाबतींत सर्वस्वीं परस्वाधीन असतो. घरीं ही परस्वाधीनता फारशी जाणवत नाहीं, कारण घरांत कोणी ना कोणी आधीं उठणारें असतें. ती खरी जाणवते प्रवासांत, परक्या गांवीं, पहाटेची गाडी गांठावयाची असतां. उठविण्याचें हें काम दुसऱ्याच्या हातून आपल्या हातीं कसें आलें, आणि त्याबरोबर कोणती जबाबदारी आपणांवर येऊन पडली, हें पाहण्यासारखें आहे.

आपल्याकडे वेळ मोजण्याचें जुनें साधन घटिकापात्र. तळाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली म्हणजे एक घटका, अर्थात् २४ मिनिटें झालीं. अशा ६० घटकांचें एक अहोरात्र. 'घटका भरली' हा आपला वाक्प्रचार या वाटीनेंच दिला. परंतु वाटी आपोआप बोलत नाहीं. ती बुडतांना पाहण्यास कोणी तरी जागें असावें लागतें. हिंदुस्थानांतील शहरांत या कामावर नेमलेल्या माणसांचें वर्णन बाबरानें आपल्या आत्मचरित्रांत केलें आहे. घटका भरली कीं ते पितळेच्या जाड थाळीवर टोले देत. त्यांत बाबरास एक उणीव दिसली. रात्रीं मध्येंच जाग आलेल्या माणसास तीन किंवा चार टोले ऐकूं आले, तरी ते दुसऱ्या प्रहरांतले कीं तिसऱ्या, हें त्याला कळत नसे. म्हणून घटकांच्या टोल्यांमागून प्रहराची खूणहि वाजवावी, असा हुकूम त्यानें दिला. झोपेंतून उठलेल्याची अडचण एका बादशहाच्या ध्यानीं आली, ही गोष्ट लहान असली तरी उल्लेखनीय आहे.

तथापि ते टोले साऱ्या नगरासाठीं होते. अमक्याला अमक्या वेळीं उठवावें, हें काम माणसाचेंच राहिलें. खेडेगांवांत जात्याची घरघर आणि पहाटे येणाऱ्या वासुदेवाचे टाळ यांनीं लोक जागे होत. धर्मशाळेंत उतरलेला वाटसरू राखणदारास सांगून निजे. इंग्लंडांतील गिरण्यांच्या शहरांत तर यांतून एक धंदाच उभा राहिला. आठवड्याला कांहीं पेन्स घेऊन लांब काठीनें माडीवरच्या खिडकीवर टकटक करावयाची आणि मजुरांस कामावर जाण्यासाठीं उठवावयाचें, असे लोक तेथें विसाव्या शतकांतहि होते. घड्याळ विकत घेणें मजुराच्या आटोक्याबाहेर होतें, तोंवर जाग उसनी घेणें त्यास भाग होतें.

यंत्रानें हें काम पत्करलें तें टप्प्याटप्प्यानें. अमेरिकेंत न्यू हॅम्पशरमधील लेव्हाय हचिन्स या घड्याळजीनें १७८७ मध्यें स्वतःपुरतें गजराचें घड्याळ केलें. परंतु तें पहाटे चार वाजतांच वाजे, कारण त्याला स्वतःला चार वाजतां उठावयाचें असे! १८४७ मध्यें पॅरिसच्या आंत्वान रेदिये यानें हवी ती वेळ लावतां येणाऱ्या गजराच्या घड्याळाचें पेटंट घेतलें, आणि १८७६ मध्यें अमेरिकेंतील सेथ टॉमस कंपनीनें उशाशीं ठेवण्याजोग्या लहान घड्याळाचें. पुढें असलीं घड्याळें कारखान्यांतून मोठ्या संख्येनें निघूं लागलीं, आणि श्रीमंतांची वस्तु सामान्यांच्या उशाशीं आली.

प्रवासाचा प्रश्न मात्र निराळा होता. लंबकाचें घड्याळ भिंतीवर कितीहि बिनचूक चालो, गाडीच्या हादऱ्यांत तें निकामी होतें. १६७५ मध्यें ह्यूगेन्सनें तोलचक्रास नाजूक कमान जोडली, तेव्हां लंबकावांचून चालणारें आणि बरोबर नेतां येणारें भरंवशाचें घड्याळ शक्य झालें. फ्रेंच कारागिरांनीं पुढें कांचेच्या तावदानांचीं, वर मूठ असलेलीं प्रवासी घड्याळें घडविलीं. १७९८ मध्यें, इजिप्तच्या स्वारीवर निघण्यापूर्वीं, बोनापार्टनें पॅरिसच्या ब्रेगे या कारागिराकडून असें एक प्रवासी घड्याळ विकत घेतलें होतें. सेनापतीस उठविण्यास पहारेकरी असतात. तरीहि आपला वेळ आपल्या हातीं असावा, असें त्यास वाटलें असल्यास नवल नाहीं.

सामान्य माणसास ही निकड लागली ती रेल्वेमुळें. बैलगाडी प्रवाशासाठीं थांबते. आगगाडी थांबत नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि त्यानंतर मिनिटाला किंमत आली. परंतु मिनिट कोणाचें? रेल्वेचा कारभार पुढें मद्रासच्या वेळेनें चालूं लागला, आणि मुंबईची वेळ तर तिच्याहून सुमारें अर्धा तास मागें. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनें ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें असलेली प्रमाण वेळ लागू केली. पण मुंबईच्या नगरपालिकेनें आपली ३९ मिनिटें मागें असलेली मुंबईची वेळ सोडली नाहीं, ती थेट १९५५ पर्यंत! अशा शहरांत उतरलेल्या पाहुण्यानें रात्रीं नगरपालिकेच्या घड्याळाबरोबर आपलें घड्याळ मिळविलें आणि चाराचा गजर लावला, तर तो वाजे तेव्हां स्टेशनांत चार वाजून ३९ मिनिटें झालेलीं असत. घड्याळ निर्दोष, गजर निर्दोष, आणि गाडी गेलेली. गजर लावण्यापूर्वीं हातांतील वेळ कोणाची आहे हें विचारून घ्यावें, हा धडा त्या काळाचा आहे. आजहि विलायतेच्या विमानांतून उतरणाऱ्यास तो लागू पडतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत चामड्याच्या घडीच्या पेटींत बसविलेलीं, किल्लीचीं प्रवासी घड्याळें प्रचारांत आलीं. त्यांतील कित्येकांचे कांटे अंधारांत चमकत. ही चमक रेडियममिश्रित रंगाची होती, आणि तिची किंमत दुसऱ्यांनीं दिली. अमेरिकेंतील कारखान्यांत तबकड्या रंगविणाऱ्या तरुण मुलींना कुंचल्याचें टोंक ओठांनीं बारीक करावयास शिकविलें जाई. कित्येकींचीं जबड्याचीं हाडें कुजलीं, कांहीं मृत्यु पावल्या. न्यू जर्सींतील पांच जणींनीं लावलेला दावा १९२८ मध्यें तडजोडीनें मिटला. परंतु कामगारांच्या संरक्षणाचा प्रश्न त्यामुळें जगापुढें आला. ज्यांच्या घरीं वाडवडिलांचें असें घड्याळ असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, चमक गेली तरी रेडियम जात नाहीं. तें निम्म्यावर येण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. असें घड्याळ उघडूं नये, आणि त्याचा रंग खरवडूं नये.

आज आपण प्रवासांत नेतों तें सेलवर चालणारें घड्याळ दोन निरनिराळ्या शोधांच्या संगमांतून निघालें. जुने विजेचे घट द्रवानें भरलेले असत. लंबकाप्रमाणें त्यांनाहि प्रवास मानवत नसे. १८८६ मध्यें जर्मनीच्या कार्ल गास्नरनें कोरड्या सेलचें पेटंट घेतलें. दुसरीकडे, १८८० मध्यें क्यूरी बंधूंनीं स्फटिकावर दाब दिला असतां वीज उत्पन्न होते असें दाखविलें. १९२७ मध्यें अमेरिकेंत वॉरन मॅरिसन व जोसेफ हॉर्टन यांनीं कंप पावणाऱ्या स्फटिकावर पहिलें घड्याळ चालविलें. तें मोठें अवजड होतें. १९६९ मध्यें जपानच्या सेको कंपनीनें तेंच तत्त्व मनगटावर आणलें, आणि पुढें तें स्वस्त झालें. या घड्याळांतील स्फटिकाचा चिमटा सेकंदास ३२,७६८ वेळां थरथरतो. ही संख्या पंधरा वेळां निम्मी केली कीं एक उरतो, आणि त्या एका ठोक्यानें कांटा पुढें सरकतो. असल्या साध्या घड्याळांत महिन्यास दहा-पंधरा सेकंदांचा फरक पडतो. गाडी चुकावी इतका तो नव्हे.

मग चूक कोठें होते? ती बहुधा निगेंत होते. किल्लीच्या घड्याळास रोज रात्रीं हातांत घ्यावें लागे, म्हणून त्याची प्रकृति मालकास ठाऊक असे. सेलचें घड्याळ वर्ष-वर्ष हात न लावतां चालतें, आणि त्यामुळेंच फसवितें. कांटे फिरविण्यास वीज अत्यल्प लागते, गजर वाजविण्यास बरीच अधिक. म्हणून थकलेल्या सेलवर कांटे बिनबोभाट चालत राहतात, आणि पहाटे गजर मात्र तोंड उघडीत नाहीं. घड्याळ चालत आहे यावरून तें उठवील असें समजूं नये. निघण्याच्या आदल्या दिवशीं गजर एकदां वाजवून पाहावा, आणि आवाज क्षीण वाटल्यास सेल बदलावा. कांट्यांच्या घड्याळाची तबकडी बारा तासांचीच असते. सायंकाळीं चारच्या आधींच पहाटे चारचा गजर चालू करून ठेवला, तर तो सायंकाळींच वाजून मोकळा होतो. सामानांत ठेवतांना गजराची कळ बंद असावी, नाहीं तर तें पेटींतल्या पेटींत ओरडून सेल संपवितें.

प्रवास संपला म्हणजे सेल काढून ठेवावा. संपलेला अल्कलाइन सेल आंतच राहिला तर कालांतरानें त्यांतून दाहक क्षार पाझरतो, पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरें कीट चढतें, आणि चांगलें घड्याळ वायां जातें. कीट थोडें असल्यास हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन तें पुसावें, व पट्ट्या पूर्ण कोरड्या झाल्यावरच नवा सेल घालावा. घड्याळ उन्हांत तापणाऱ्या मोटारींत ठेवूं नये. उष्णतेनें सेलचें आयुष्य घटतें.

आतां कित्येकजण म्हणतील, खिशांतला मोबाईल हें सारें करतो. करतो खरा, परंतु त्याचीहि वीज रात्रींत संपते, आणि तेव्हां गजर मुकाच राहतो. साधन कोणतेंहि असो, प्रश्न तोच आहे. धर्मशाळेचा राखणदार चुकला तर त्यास विचारतां येई. खिडकीवर टकटक करणाऱ्यास आठवड्याचे पैसे न देतां येत. त्या व्यवहारांत दोन माणसें होतीं, आणि उठविणारा ज्याला उठवी त्याचें नांव, खोली व काम जाणत होता. घड्याळानें आपणांस त्या दुसऱ्या माणसापासून मोकळें केलें, आणि त्याचें काम आपल्याच अंगावर टाकलें. स्वतंत्र होणें म्हणजे पूर्वीं दुसरा करीत असलेली काळजी स्वतः करणें, हें मोठमोठ्या गोष्टींत आपण मान्य करतों. उशाशीं ठेवलेल्या या लहानशा डबींतहि तें तितकेंच खरें आहे. दुसऱ्याच्या भरंवशावर निजण्याचे दिवस गेले. आतां आपली जाग राखणारे आपणच असल्यामुळें, निजण्यापूर्वीं दोन मिनिटें त्या कामास देणें हेंच त्या राखणदाराचें वेतन समजावें.