घालमेलीचं कूळ

कोपनहेगनमध्ये १७ जून १८४४ रोजी एक छोटं पण कठीण पुस्तक बाहेर पडलं. विषय होता चिंता, आणि लेखकाच्या जागी नाव होतं विगिलियस हाउफ्निएन्सिस, म्हणजे कोपनहेगनचा पहारेकरी. त्या टोपणनावामागे होता एकतीस वर्षांचा डॅनिश तत्त्वज्ञ सोरेन किर्केगॉर. अस्तित्ववाद्यांच्या चिंतेचं कूळ इथून सुरू होतं.

भीतीला काहीतरी कारण लागतं: साप, कर्ज, आजार. किर्केगॉरला दिसत होती ती चिंता, म्हणजे घालमेल, वेगळी; बोट दाखवावं असं तिच्यासमोर काहीच नसतं. तिचा उगम शोधायला तो बायबलमधल्या आदमकडे गेला. बऱ्या-वाईटाचं ज्ञान देणाऱ्या या झाडाचं फळ खाऊ नकोस, खाल्लंस तर मरशील, असं देवाने बजावलं. पण फळ खाण्याआधी आदमला बरं-वाईट कळणार कसं? मरणाची ताकीदही त्याला उमगत नाही. मनाईतून त्याला जाणवतं ते एवढंच, की आपण काहीतरी करू शकतो. काय, ते ठाऊक नाही, नुसतं ‘शकतो’. ही शक्यता त्याला कासावीस करते आणि ओढूनही घेते. हे ओढून घेणं मला या पुस्तकातलं सर्वांत खरं निरीक्षण वाटतं. मुलं अद्भुत आणि भयंकर गोष्टींकडे वळतात, त्या ओढीतही किर्केगॉरला हीच घालमेल दिसली. तिच्यावर तो औषध शोधत नव्हता. घालमेल नीट सोसायला शिकणं हेच त्याच्या लेखी मोठं शिक्षण होतं आणि त्या वाटेच्या टोकाला श्रद्धा होती.

पुढच्यांनी देव वगळला. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरच्या १९२७ च्या ‘झाइन उंड त्साइट’मध्ये पापाची गोष्ट उरत नाही, जगात असणं हेच घालमेलीला पुरतं. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने १९४३ मध्ये कड्यावरचा माणूस घेतला. पाय घसरेल ही त्याची भीती. आपण स्वतःच उडी मारू शकतो, ही घालमेल. सार्त्रचा जुगारी तर विसरवत नाही. न खेळण्याचा त्याचा कालचा निश्चय प्रामाणिक होता, पण आज डावासमोर तो निश्चय त्याला धरून ठेवत नाही. तो पुन्हा नव्याने करावा लागतो.

विचार धारदार झाला खरा, पण घालमेल सोसणाऱ्या माणसाजवळची किर्केगॉरची जागा मला हायडेगरमध्ये सापडत नाही. ती सापडली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रोलो मे याला. क्षयाने सॅनेटोरियममध्ये पडून असताना तो चिंतेवर फ्रॉइडही वाचत होता आणि किर्केगॉरही. फ्रॉइडने चिंतेची यंत्रणा उलगडली होती. पण आजूबाजूच्या खाटांवरचे रुग्ण आतून काय सोसत होते, ते मे याला किर्केगॉरमध्ये लिहिलेलं दिसलं. त्याचं ‘द मीनिंग ऑफ अँक्झायटी’ १९५० साली आलं आणि किर्केगॉर अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या चर्चेत शिरला.