पोस्त, बलुतं, बोनस आणि टीप: वरचे पैसे कुणाच्या हक्काचे?

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना घेतलेले 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी सगळं तसंच आहे.

रात्री जेवण मागवलं की ॲप विचारतं, टीप किती? वीस, तीस की पन्नास? सलूनमध्ये केस कापून झाले की तो पोरगा खुर्ची झटकत थोडा जास्त वेळ उभा राहतो. आणि दिवाळी जवळ आली की सोसायटीच्या ग्रुपवर हमखास मेसेज पडतो, 'या वर्षी वॉचमनला किती द्यायचे?' टीप कधी द्यायची याचं उत्तर इंटरनेटवर शोधलं तर ते बहुतेक अमेरिकेचं निघतं. १५ टक्के द्या, २० टक्के द्या. मीरा रोड स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याला २० टक्के कसे द्यायचे हे कुणी सांगत नाही.

मी दिवसभर कोड लिहितो. एखादी गोष्ट अशी का चालते ते कळत नसेल, तर ती पहिल्यांदा कुणी आणि कशासाठी लिहिली ते शोधायची सवय लागलीय. म्हणून आज किती टक्के हे बाजूला ठेवू. ठरलेल्या पैशांच्या वरचे पैसे आपल्याकडे कोण, कुणाला आणि का देत आलंय, ते बघू.

तीन शब्द, तीन खाती

आधी आपली भाषा बघा. 'बक्षीस' हा शब्द फारसीतून आला. त्याचं मूळ क्रियापद 'बख्शीदन', म्हणजे देणं, बहाल करणं. बक्षिसात देणारा वर असतो, घेणारा खाली, आणि किती द्यायचं ते देणारा ठरवतो.

दुसरा शब्द 'पोस्त'. दिवाळीची पोस्त, शिमग्याची पोस्त. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी हा आजीच्या तोंडूनच ऐकला असेल. गंमत बघा, बक्षीस 'देतात', पण पोस्त 'मागतात'. आणि ती मागताना कुणी लाजत नाही, कारण ती रीत आहे. वर्षभर काम केलंय, सण आलाय, आता द्या.

तिसरा शब्द 'चिरीमिरी'. ती दिली नाही तर फाइल पुढे सरकत नाही.

म्हणजे वरच्या पैशांची आपल्याकडे मुळात तीन खाती होती: मर्जी, रीत आणि अडवणूक. आज आपण या सगळ्याला 'टीप' म्हणतो आणि मग गोंधळतो.

खळ्यावरचं वार्षिक सबस्क्रिप्शन

रीत म्हणजे काय ते नीट समजायला गावात जावं लागेल. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली आलं. जुनं गाव कसं चालायचं याची इतकी बारीक नोंद दुसरीकडे क्वचितच मिळते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग, गुरव, जोशी असे बारा बलुतेदार. यादी गावागणिक थोडी बदलायची. सुताराने नांगर दुरुस्त केला की लगेच बिल नाही. वर्षभर लागेल ते काम करायचं आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन धान्यातला ठरलेला वाटा घ्यायचा. तो वाटा म्हणजे बलुतं. आजच्या भाषेत वार्षिक सबस्क्रिप्शन.

ऐकायला छान वाटतं ना? पण यात एक मोठी गोम होती. वाटा ठरलेला असला तरी तो मोजून देणारा हात शेतकऱ्याचा. आणि कुणाला काय काम, कुणाला किती वाटा, हे जातीने बांधलेलं. सगळ्यात जास्त हाल महारांचे. गावची राखण, सरकारी निरोप, अधिकाऱ्यांची वर्दी अशी रात्रंदिवस राबायची कामं. त्याबद्दल सरकारकडून वतनाचा जमिनीचा तुकडा आणि नाममात्र पैसे. बाकी पोट भरायचं गावाच्या बलुत्यावर. काम सरकारचं आणि पगार गावाच्या मर्जीवर! दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिलं, ते उगाच नाही.

ही गोम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी पकडली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं. त्यातली एक मागणी मला फार महत्त्वाची वाटते. बलुत्याचं रूपांतर रोख रकमेत करा, ती शेतसाऱ्याबरोबर वसूल करा आणि कामाचा मोबदला म्हणून सरकारने द्या. कारण महारांनी स्वाभिमानाने वागायचं ठरवलं की गावाच्या हातात सोपं हत्यार होतं, बलुतं बंद. विधेयक त्यांना पुढच्या वर्षी मागे घ्यावं लागलं. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

यातून माझ्यापुरता एक मुद्दा पक्का झाला. किती पैसे मिळतात याच्या आधी विचारायचं, ते कुणाच्या मर्जीवर मिळतात?

गिरणगावातला बोनस

हाच प्रश्न त्याच काळात शहरातही पेटला होता, परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या कापड गिरण्यांनी बक्कळ नफा कमावला. महागाई वाढली म्हणून मालकांनी १९१७ पासून पगारावर युद्धभत्ता सुरू केला आणि पुढे काही वर्षं वर्षाअखेरचा बोनसही दिला. सलग काही वर्षं पैसे हातात पडले की माणूस काय करतो? त्या पैशांवर घर चालवतो. गावी मनीऑर्डर जाते, वाण्याची उधारी फिटते.

मग धंदा बसला आणि १९२३ चा बोनस मिळणार नाही असं मालकांनी जाहीर केलं. जानेवारी १९२४ मध्ये गिरण्या बंद पडल्या. सुमारे दीड लाख कामगार दोन महिने संपावर होते. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने काय सांगितलं? बोनसवर कामगारांचा कसलाच हक्क सिद्ध होत नाही. कायद्याने नाही, रूढीने नाही, न्यायबुद्धीनेही नाही. मालकांनी खुशीने दिलं होतं, आता खुशी नाही.

कामगारांच्या लेखी ती पोस्त होती, मालकांच्या लेखी बक्षीस. संप फुटला, पण वाद संपला नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० साली मुंबईच्याच गिरण्यांच्या खटल्यात लवादाने बोनसचं सूत्र ठरवलं. नफ्यातून ठरावीक खर्च वजा करून जे उरेल त्यात कामगाराचा वाटा. मग १९६५ साली देशभरासाठी बोनसचा कायदा आला. त्यातला किमान बोनस आधी ४ टक्के होता, पुढे ८.३३ टक्के झाला. हा आकडा असा तुटका का? १०० ला १२ ने भागा. म्हणजे बारा महिन्यांचा एक महिना. खुशीची गोष्ट हक्काची व्हायला चाळीसेक वर्षं लागली.

अमेरिकेत मात्र गाडी उलटी गेली. तिथे हॉटेलातल्या वाढप्यांसाठी केंद्रीय कायद्याचा किमान पगार तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तोच. बाकीचं गिऱ्हाइकाने टीपमधून भरून काढायचं. काही राज्यांत नियम बरे आहेत, पण मूळ रचना ही. म्हणजे ते २० टक्के हे कौतुक कमी आणि मालकाच्या वाट्याचा पगार जास्त. तो आकडा इथे आणून चिकटवण्यात अर्थ नाही.

आता मीरा रोडला येऊ

आमच्या सोसायटीत दर दिवाळीला ठरलेला वाद होतो. घरकाम करणाऱ्या मावशींना महिन्याचा पूर्ण पगार द्यायचा की पाचशे रुपये आणि मिठाईचा पुडा? कुणीतरी म्हणतंच, 'त्या खूप सुट्ट्या घेतात, या वर्षी कमी द्या.' मला हे ऐकून खळं आठवतं. वर्षभर काम करून घ्यायचं आणि शेवटी माप आपल्या हातात ठेवायचं.

बोनसचा नियम वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना लागू आहे. मावशी चार घरी काम करतात, त्या कुठल्याच आस्थापनेत बसत नाहीत. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण दिवाळीचे पैसे अजून रीतीवरच चालतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जिथे काम वर्षभर नेमाने होतं आणि दुसरं कुणी बोनस देत नाही, तिथे ती पोस्त आहे. एक महिन्याचा पगार, आधी सांगून, अटी न घालता. सुट्ट्यांचं बोलायचं असेल तर ते जूनमध्ये बोला. दिवाळीचा हिशेब त्यासाठी नाही. वॉचमन एजन्सीचा असेल तर त्याला बोनस मिळतो का, हे सोसायटीने एजन्सीला लेखी विचारावं. मिळत नसेल तर एजन्सीकडून मिळवून द्यावा, आणि वर वर्गणी काढावी.

रिक्षा. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २६ रुपये आहे. पूर्वी तीस रुपये हातात ठेवून 'राहू द्या' म्हणायचे. यूपीआय २०१६ साली आलं, आणि आता बरोबर २६ रुपये जातात. सुट्ट्या पैशांतली ही छोटी बक्षिसी कुणी न ठरवताच बंद झाली. भर पावसात, गुडघाभर पाण्यातून कुणी घरी सोडलं तर स्कॅन करताना आकडा वाढवायला दोन सेकंद लागतात. हे बक्षीस आहे. द्या, पण न दिल्याचा अपराधही वाटून घेऊ नका.

हॉटेलात आधी बिल वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तो काढायला सांगा आणि वाढणाऱ्याच्या हातात रोख द्या. बडीशेपेच्या बशीत ठेवलेले वीस रुपये कुणाला मिळणार हे तुम्हाला दिसतं, चार्ज कुणाला मिळतो हे दिसत नाही.

ॲपवर एकच गोष्ट बघा. टीप कामाआधी मागतायत की नंतर? गाडी लवकर मिळावी म्हणून आधीच टीप मागण्याबद्दल मे २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने उबरला नोटीस दिली होती. आधी मागितलेले पैसे चिरीमिरीच्या खात्यात जातात. डिलिव्हरीवाल्याला द्यायचे असतील तर दारात आल्यावर द्या, आणि त्याआधी पाणी विचारा.

सरकारी कामाचं उत्तर सगळ्यात छोटं. दाखला, मीटर, नोंदणी, कुठेही काही द्यायचं नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, मग तिला चहापाणी म्हणा की खुशाली.

एवढं करूनही एक गोष्ट उरते. त्या डिलिव्हरीवाल्याला मी पन्नास रुपये दिले तर मला बरं वाटतं, पण त्याचा दर ठरवणारं ॲप तसंच राहतं. गिरणी कामगारांना हक्क मिळाला तो संप, समित्या आणि कायदा यांतून. कुणा दिलदार मालकाच्या बक्षिसीतून तो आला नाही. म्हणून टीप जरूर द्या, आणि ही मुलं उद्या दर वाढवून मागायला लॉगआउट करून बसली, तर जेवण उशिरा आलं म्हणून एक स्टार देऊ नका.

तुमच्या घरी पोस्त म्हणायचे की आणखी काही? आजीला विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. चांगले शब्द आले तर पुढच्या भागात ऐकवतो. भेटूच!