चार मोनला एक काडी

आधी वास येतो. तिळाच्या तेलाचा. दिवाळीच्या आधी बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून जिन्यात उतरतो तसा खमंग, पण यात मासळी आहे. मग पायाखाली लाकूड लागतं, खांद्याला कुणाचा तरी खांदा घासतो आणि कळतं की तुम्ही एका पुलावर उभे आहात. निहोनबाशीचा पूल. साल 1805, थंडीतली संध्याकाळ, शहर एदो. त्याला टोकियो म्हणायला अजून 63 वर्षं आहेत.

तिकडे पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर आहे. इथे शोगुन आहे तोकुगावा इएनारी, आणि शहराची वस्ती दहा लाखांच्या घरात. पुलावरून पश्चिमेला बघा. शोगुनचा किल्ला, त्याच्याही मागे लांबवर फुजी. किल्ल्यात काहीतरी कमी आहे ना? मधला उंच मनोरा नाही. 1657 च्या आगीत तो जळाला, अर्ध्याहून जास्त शहर जळालं, आणि मनोरा पुन्हा बांधलाच नाही. तुम्ही म्हणाल, आम्ही खायला आलोय, हे कशाला? त्या वासाचा उगम रस्त्यावर का आहे, कुणाच्या स्वयंपाकघरात का नाही, याचं उत्तर तिथे आहे. लाकडाची घरं, कागदाची दारं, कोरडा वारा. अशा गावात घरात कढई ठेवून तेल तापवायचं म्हणजे शेजाऱ्यांशी वैरच. म्हणून तळणारा बाहेर, उघड्यावर, पाण्याजवळ.

पूल उतरा. उत्तरेच्या काठाला मासळीबाजार आहे, सकाळीच उठलेला. दगडांवर खवले अजून चिकटलेले. सुशी शोधू नका. हातावर वळलेली ती सुशी निघायला पंधरा-वीस वर्षं आहेत. सोबाच्या शेवया मिळतील, सोळा मोनला वाटी; मोन हे इथलं चलन. पण तुमचे पाय कंदील लटकवलेल्या तेंपुऱ्याच्या गाडीकडे वळलेच आहेत.

गाडी म्हणजे छपराचं लाकडी दुकान, दोन माणसांना उचलून नेता येईल एवढं. आत निखारे, त्यावर लोखंडी कढई. तळणाऱ्याच्या डाव्या हाताला पीठ: गव्हाचं पीठ आणि पाणी, बास. बेसन नाही, ओवा नाही, हळद नाही, तिखटाचं नाव नाही. समोर ताटात काड्यांना टोचून ठेवलेला एदोच्या खाडीचा माल: बारीक कोळंबी, माकूल, वामेसारखा लांबट आनागो, शिंपीतला पांढरा गर आणि कोहादा नावाचा पेडव्याच्या जातकुळीतला रुपेरी मासा. तळणारा पिठाचा एक थेंब तेलात सोडतो. थेंब खाली जातो, क्षणभर विचार केल्यासारखा थांबतो आणि चर्र करत वर येतो. ही परीक्षा तुम्हाला कुणी शिकवायला नको; आईला, आजीला करताना शंभरदा पाहिली आहे.

कोळंबीची काडी पिठात बुडते, निथळते, तेलात जाते. आधी मोठा आवाज, मोठे बुडबुडे. मग बुडबुडे बारीक होत जातात, आवाज पातळ होतो. तळणारा कढईकडे बघत नाही, शेजारच्या गिऱ्हाइकाशी बोलतो आहे. तो ऐकतो आहे. कोळंबीतलं पाणी जवळपास सरलं की तेल गप्प होऊ लागतं, तेव्हा काडी बाहेर. रंग आपल्या भज्यापेक्षा गडद, कारण तेल तिळाचं आणि सकाळपासून तापलेलं.

ताटली मिळत नाही. काडी थेट हातात. फळीवर एक खोलगट भांडं आहे, त्यात शोयूचं, म्हणजे सोया सॉसचं, पातळ सार. शेजारी दुसऱ्या भांड्यात किसलेला मुळा. दोन्ही सगळ्यांना मिळून. तुमच्याआधी ज्या हमालाने काडी बुडवली तो अर्धी खाऊन पुन्हा बुडवतोय का? तिकडे बघू नका. उष्ट्याचा विचार घरी ठेवून या, नाहीतर उपाशी परत जा. बुडवा, वर मुळा घ्या, चावा. कवच फुटतं, आत कोळंबी गोड, आणि मुळ्याचा तिखट ओलावा तेलकटपणा पुसून टाकतो. मिरची आठवत नाही. निदान पहिल्या काडीला तरी.

भाजीचं काही मागाल तर अडचण होईल. भाज्या अशाच पिठात तळतात, पण एदोत त्याला तेंपुरा म्हणत नाहीत. आगेमोनो म्हणतात, म्हणजे नुसतं तळण. तेंपुरा म्हणजे मासळी. ओसाकाला गेलात तर घोळ वाढतो, तिथे याच नावाखाली वाटलेल्या माशाचं तळलेलं काही हाती येईल. हे नाव मुळात पोर्तुगीजांकडून आलं असं सांगतात. मांस वर्ज्य असलेल्या उपासाच्या दिवसांना लॅटिनमध्ये तेंपोरा म्हणत, त्या दिवसांत पाद्री लोक मासे नि भाज्या तळून खात. ते पाद्री आले कुठून? आपल्या गोव्यातून. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहून निघून कागोशिमाला उतरला, पुढे गोवा, मकाव, नागासाकी अशी जहाजांची वाटच पडली, ती 1639 मध्ये जपानने पोर्तुगीजांना हाकलेपर्यंत. त्याच लोकांनी आपल्याला मिरची दिली. जपानी माणूस आजही ब्रेडला 'पान' म्हणतो, आपण 'पाव'. एकाच शब्दाची दोन गावी वाढलेली पोरं. मला स्वतःला हा पाव-पान प्रकार तेंपुऱ्याच्या व्युत्पत्तीपेक्षा पक्का वाटतो.

तुमच्या उजवीकडे जरा जागा झाली आहे. लोक सरकलेत. डोक्यावरून गालापर्यंत सुती पंचा गुंडाळलेला एक माणूस फळीपाशी येतो, नुसते डोळे नि तोंड दिसतं. कमरेला दोन तलवारी. सामुराईने रस्त्यावर उभं राहून हमालांबरोबर खायचं म्हणजे अब्रू गेली. म्हणून चेहरा झाकला, तलवारी मात्र तशाच. याच सुमारास कुवागाता केइसाइ हा चित्रकार कामकऱ्यांची चित्रं काढतो आहे. त्यात तेंपुऱ्याच्या गाडीवर असाच तोंड झाकलेला सामुराई आहे. फळीपाशी आलेला तीन काड्या संपवतो. कुणी काही बोलत नाही. तळणाराही त्याच्याकडे न बघता काड्या मोजतो.

याच पदार्थाने पहिला तोकुगावा शोगुन इएयासू गेला, अशी एक कथा आहे. 1616 मध्ये तळलेला ताय मासा खाऊन तो आजारी पडला खरा, पण मेला जवळजवळ तीन महिन्यांनी. बिचाऱ्या माशावर एवढा आळ कशाला.

अंधार पडतो. लांबून लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज येतो, दोन ठोके आणि एक लांबट हाळी. रात्रीचा पहारेकरी. आगीला जपा, म्हणतो आहे. इथले लोक आगींना एदोची फुलं म्हणतात; विझवायच्या तुकड्या पाणी कमी मारतात, पुढची घरं पाडून आगीची वाट तोडतात. तुम्हाला एक गोष्ट माहीत आहे जी या फळीभोवती कुणालाच माहीत नाही. येत्या वसंतात, 1806 मध्ये, दक्षिणेला शिबामध्ये आग लागेल आणि क्योबाशी, हा निहोनबाशी, कांदा, असं करत आसाकुसापर्यंत जाईल. हजारावर माणसं मरतील. त्यात एकाही तेंपुऱ्याच्या गाडीचा दोष नसेल.

तोंड उघडता, पण तुमच्याकडे या भाषेतला एकही शब्द नाही, आणि तोंडात माकूल आहे.

तळणारा हात पुढे करतो. तुमच्यासमोर चार काड्या. काडीला चार मोन, म्हणजे पाठीवर लाटा कोरलेलं, मध्ये चौकोनी भोक असलेलं एक नाणं; चार काड्यांची चार नाणी. खिशात हात घालता तर ती खरंच आहेत, थंडगार. तो ती न मोजता डब्यात टाकतो, पिठाचा एक थेंब तेलात सोडतो आणि कान देतो.