धातु, मातु व तबकडी

जुनी पोथी हातीं आली म्हणजे संशोधक प्रथम शेवटचें पान उलटतो. कारण लेखकाचें नांव, शक व स्थळ हीं पुष्पिकेंत असावयाचीं. ध्वनिमुद्रिकांनाही प्रारंभीं अशीच एक पुष्पिका असे. इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचे गाय्सबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहर जान हिचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां गाण्याच्या अखेरीस तिनें आपलें नांव इंग्रजींत उच्चारिलें. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत. तेथील कारागिरांस गाणारें कोण हें कळावें, एवढाच त्याचा हेतु. पोथीच्या पुष्पिकेनें लेखकास कीर्ति मिळे, धन नव्हे. येथेंही तसेंच झालें. नांव गाणाराचें, हक्क तबकडी करणाराचा. गायकास कायद्यानें स्वतंत्र हक्क दिला तो १९९४ च्या दुरुस्तीनें, आणि ती अंमलांत आली १० मे १९९५ रोजीं.

या विषयाकडे मी वळलों तो एका फजितीमुळें. माझ्या संग्रहांत ‘मानापमाना’तील एका पदाची १९३० च्या सुमाराची तबकडी आहे. २०१४ सालीं एका माजी विद्यार्थ्यानें ती माझ्या संमतीनें इंटरनेटवर ऐकावयास ठेविली. आठवड्याच्या आंत एका कंपनीचा दावा आला कीं, मुद्रण आमचें आहे. आणि पद तेथून नाहींसें झालें. कंपनीचें नांव येथें प्रस्तुत नाहीं. मीं रागानें लांबलचक उत्तर धाडिलें कीं, या मुद्रणाचा हक्क पन्नास वर्षांचा होता व तो १९८० च्या सुमारास संपला. उत्तर खरें होतें, पण अपुरें होतें. कारण गाण्याला धनी एक नसून अनेक असतात, हें मीं तोंपर्यंत पाहिलेंच नव्हतें.

वास्तविक संस्कृत शिकलेल्या माणसास हें सुचावयास हवें होतें. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरां’त शब्दरचनेस मातु व स्वररचनेस धातु म्हटलें आहे. दोन्ही करणारा तो वाग्गेयकार. दुसऱ्याच्या धातूवर केवळ मातु बसविणारा तो कुट्टिकार, आणि त्याचें स्थान अर्थातच खालचें. आमच्या संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रतींत प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा आरंभ दिलेला असतो. तेथें अण्णासाहेब किर्लोस्करांसारखा थोर नाटककारही शार्ङ्गदेवाच्या परिभाषेनें त्या त्या पदापुरता कुट्टिकारच ठरतो. पण त्यानें दुसऱ्याचा धातु लपविला नाहीं, वर छापून दिला. हा प्रामाणिकपणा पुढें फारसा आढळत नाहीं.

आजचा कायदाही हाच भेद मानतो. शब्द ही साहित्यकृति, स्वर ही संगीतकृति, आणि मुद्रण ही तिसरी वस्तु. प्रत्येकीची मुदत निराळी. १९५७ च्या कायद्यानें पहिल्या दोहोंस कर्त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षें दिलीं होतीं. रवीन्द्रनाथ ठाकूर १९४१ सालीं वारले, म्हणून त्यांच्या ग्रंथांचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपावयाचा. त्या निमित्तानें १९९२ सालीं ही मर्यादा ६० वर्षें करण्यांत आली. आतां ‘मानापमाना’स हें लावून पाहावें. पदें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचीं. ते १९४८ त वारले, तेव्हां शब्द २००८ च्या अखेरीस मुक्त झाले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्यांचा अंत १९५५ त, म्हणून स्वर २०१५ संपेपर्यंत बद्ध. तात्पर्य, २०१४ सालीं कंपनीचा दावा चुकीचा होता, पण मीही निर्दोष नव्हतों. हरकत घेण्याचा अधिकार चालीच्या वारसांस वा ज्यांस त्यांनीं हक्क दिला असेल त्यांस होता. त्यांनीं ती घेतली नाहीं, हा त्यांचा चांगुलपणा.

पोथीसंग्राहकांस याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. १९५७ च्या कायद्यांत संगीतकृतीची व्याख्या करितांना ती छापलेली, लिहिलेली अथवा अन्य रीतीनें रेखांकित असली पाहिजे, अशी अट होती. ज्या देशांत विद्या गुरुमुखानें चालत आली, तेथें कागदावर न उतरलेली चाल कायद्याच्या दृष्टीनें अस्तित्वांतच नव्हती! ही अट वर सांगितलेल्या १९९४ च्या दुरुस्तीनें गेली. मधल्या काळांत, १९७७ च्या मार्चांत, सर्वोच्च न्यायालयानें इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, मोबदला देऊन चाल करवून घेणारा चित्रपटनिर्माता हाच, उलट करार नसेल तर, तिचा प्रथम स्वामी. न्या. कृष्ण अय्यर यांनीं त्या वेळीं गायकाच्या कंठास कायद्यांत स्थान नसल्याबद्दल खेद दर्शविला. तथापि निकाल निर्मात्यांचा झाला. गीतकार व संगीतकार यांस स्वामित्वधनाचा समान वांटा, आणि तोही सहसा दुसऱ्यास देऊन टाकतां न येणारा, मिळाला तो २०१२ च्या दुरुस्तीनें. मध्यें पसतीस वर्षें गेलीं.

प्रक्षेपणाचा इतिहास मुंबईपासून, म्हणजे २३ जुलै १९२७ पासून, सुरू होतो. पुढें १९५२ त डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्यांच्या अमदानींत चित्रपटगीतांस कात्री लागली व चित्रपटाचें नांव सांगणें बंद झालें. निर्मात्यांनीं परवाने काढून घेतले, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. केसकरांची शास्त्रीय संगीताविषयींची तळमळ खरी होती. पण परवाना देणाराही रुसूं शकतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें नसावें. खासगी एफएम केंद्रें आल्यावर तंटा दराचा झाला. २०१० च्या ऑगस्टांत कॉपीराइट मंडळानें ध्वनिमुद्रणांसाठीं निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्के दर ठरविला. २०१२ त कलम ३१-ड आलें. त्यान्वयें सूचना देऊन व ठरविलेलें स्वामित्वधन भरून प्रक्षेपकास प्रसिद्ध गाणें वाजवितां येतें, स्वामी नाहीं म्हणूं शकत नाहीं. हीच सवलत इंटरनेटवर गाणीं पुरविणाऱ्या विंक कंपनीनें मागितली. टिप्स कंपनीच्या दाव्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. काथावाला यांनीं २३ एप्रिल २०१९ रोजीं ती नाकारिली. कलम रेडिओ व दूरचित्रवाणीपुरतेंच आहे असें ते म्हणाले, व २० ऑक्टोबर २०२२ रोजीं खंडपीठानें तें कायम केलें. २८ एप्रिल २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें अंतरिम आदेशांत रेडिओ केंद्रांस सांगितलें कीं, मुद्रणाचे पैसे दिले म्हणून शब्द व चाल यांचे चुकत नाहींत. धातु व मातु यांस तबकडीपासून वेगळें काढण्यास इतका काळ लागला.

नाटकमंडळ्यांचे करारनामे, पदांच्या वह्या व हातानें लिहिलेलीं स्वरलेखनें आपण आजवर पोथ्यांच्या मानानें दुय्यम मानलीं, व त्यांतलीं बरींचशीं रद्दींत गेलीं. चाल कोणाची व मूळ कशी होती, याचा लेखी पुरावा तोच. मजपाशीं अशी एक वही आहे : ४२ पानें, बोरूची शाई, ‘मानापमाना’तील नऊ पदांचें स्वरलेखन, काल वा लेखक नमूद नाहीं, शेवटचें पान फाटलेलें. ती मंडळाच्या दप्तरांत दिली आहे. कोणा सभासदास हस्ताक्षर ओळखतां आल्यास कृपया कळवावें.